पगार वाढला, ईएसआय सुटला

मे २०२२ मध्ये माझा पगार वीस हजार सहाशेवरून बावीस हजार चारशे झाला. चेन्नईत अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये सीएनसी मशिनवर तेरा वर्षं काढल्यावर मिळालेली ही वाढ. त्या दिवशी घरी शिरा झाला. ऑक्टोबरच्या पगाराच्या स्लिपमध्ये आणखी एक फरक दिसला. ईएसआयचे, म्हणजे कामगार राज्य विम्याचे, १६८ रुपये कटायचे त्या ओळीत आता नुसती रेघ होती. तेवढे पैसे जास्त हातात आले, एवढंच मी बघितलं. त्या रेघेचा अर्थ कळला तो पुढच्या ऑगस्टमध्ये, रात्री सव्वादोन वाजता, हॉस्पिटलच्या बिलिंगच्या खिडकीपुढे.

मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. आमच्याकडची घरटी एक-दोन माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामात, देशभर पसरलेली. माझे चुलते, आप्पा, सावकारपेठेत दुकान टाकून होते. २००९ मध्ये त्यांनीच मला इथं आणलं, पण भट्टीवर बसवलं नाही. ॲसिडच्या धुरात आयुष्य घालवलेला माणूस तो. म्हणाले, "गलाईत पैसा हाय, पण आजारी पडलास तर इचारणारं कोण न्हाई. कंपनीत ईएसआय तरी कटतो." माझा मुलगा अयनावरमच्या ईएसआय हॉस्पिटलमध्ये जन्मला, तेव्हा खिशातून काही गेलं नाही. आप्पांचं म्हणणं किती खरं आहे ते तेव्हा पटलं होतं, आणि तरीही ते मी विसरलो.

ईएसआयची मर्यादा महिना २१ हजार रुपये आहे. ती १ जानेवारी २०१७ पासूनची. तुमच्या पगारातून पाऊण टक्का कटतो, मालक सव्वातीन टक्के भरतो. पगार मर्यादेच्या वर गेला तरी वर्गणी त्याच महिन्यात थांबत नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे तिचे दोन टप्पे असतात, चालू टप्पा संपेपर्यंत ती कटतच राहते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये उपचार मिळतात. म्हणजे माझी शेवटची वर्गणी सप्टेंबर २०२२ ची आणि उपचाराचा हक्क ३० जून २०२३ पर्यंत. हे नऊ महिने मला तयारीसाठीच मिळाले होते. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये मी, बायको आणि मुलगा आपोआप आलो. आईचं नाव घालायचं तर वर्षाला अकरा हजार रुपये वेगळे भरायचे होते. तो फॉर्म मी घरी आणला, टेबलाच्या खणात ठेवला आणि दिवाळीनंतर बघू म्हटलं. दिवाळी गेली, पोंगल गेला, फॉर्म खणातच राहिला.

ऑगस्टमध्ये आईच्या छातीत कळ आली. मी १०८ ला फोन न करता खालची रिक्षा थांबवली आणि जे पहिलं मोठं खासगी हॉस्पिटल दिसलं तिथं तिला नेलं. ॲन्जिओप्लास्टी लागणार होती. खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, "काप्पीट्टु कार्ड इरुक्का?" विम्याचं कार्ड आहे का? मी ईएसआयचं पहचान कार्ड पुढं केलं. तिनं नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडं वळवली. हक्क संपल्याची तारीख ३० जून. मग मी गावाकडच्या केशरी रेशनकार्डाचा मोबाइलमधला फोटो दाखवला. त्या कार्डावर महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजना चालते, आमच्या भावकीत दोघांची ऑपरेशन्स तिच्यातून झाली आहेत. पण ती महाराष्ट्र सरकारची योजना, महाराष्ट्रात नेमलेल्या हॉस्पिटलांपुरती. केंद्राचं आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं, पण २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात जनगणनेच्या यादीत आमचं नाव नव्हतं. इथल्या मुख्यमंत्री विमा योजनेला एरवी तमिळनाडूचं रेशनकार्ड लागतं आणि वर्षाचं उत्पन्न १ लाख २० हजारांच्या आत असावं लागतं.

तीन योजना आणि त्यातल्या एकीतही आई बसत नव्हती. निती आयोगानं ऑक्टोबर २०२१ च्या अहवालात अशा मधल्या लोकांचा आकडा दिला होता: देशातले किमान तीस टक्के, सुमारे चाळीस कोटी. सरकारी योजनेसाठी गरीब नाहीत आणि स्वतःहून विमा घेत नाहीत, ते हे लोक. त्या रात्री मी त्यांच्यातला एक होतो.

आई वाचली. बिल ३ लाख ४२ हजारांचं झालं. बायकोचं गंठण गहाण पडलं, उरलेले आप्पांनी दिले. शुद्धीवर आल्यावर आईनं पहिल्यांदा विचारलं ते "किती झालं रं?"

ते बिल मी अजून जपून ठेवलंय. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रानं स्टेंटची किंमत बांधून दिली, औषधी लेप असलेला स्टेंट तीस हजारांच्या आत आणला. त्याआधी त्याच स्टेंटचे लाख-सव्वा लाख लागायचे. माझ्या बिलातही स्टेंटचा दर नियमातच होता. बाकीचे तीन लाख आयसीयूचं भाडं, कॅथलॅब, हातमोज्यांपासून नळ्यांपर्यंतच्या वस्तू आणि डॉक्टरांच्या फेऱ्या यांत गेले होते. एका वस्तूचा भाव बांधला की बाकीच्या ओळी फुगतात, हे मी त्या पाच पानांवर बोट ठेवून वाचलंय. सरकारी विमा योजनेत मात्र अख्ख्या उपचाराचा एकच दर आधी ठरलेला असतो, त्यात हॉस्पिटलनं सगळं बसवायचं.

आमच्या शेजारच्या अक्कांच्या नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी हाच आजार झाला होता. ते सेंट्रल स्टेशनसमोरच्या राजीव गांधी सरकारी जनरल हॉस्पिटलमध्ये गेले, मुख्यमंत्री विमा योजनेत उपचार झाले, खर्च झाला तो येण्याजाण्याचा. मी तेव्हापासून या राज्याची रीत समजून घेत आलोय. २३ जुलै २००९ ला इथं कलैञर विमा योजना सुरू झाली, ११ जानेवारी २०१२ पासून तिच्या जागी मुख्यमंत्री सर्वंकष विमा योजना आली, २०१८ मध्ये ती आयुष्मान भारतशी जोडली गेली आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं संरक्षण झालं. सरकारं बदलली, नाव बदललं, योजना मोडली नाही. शिवाय इथं सरकारी हॉस्पिटलंही विम्याचा दावा करतात. पैसा सगळा खासगीकडं वाहून जात नाही, त्यातला वाटा सरकारी वॉर्डात परत येतो. आणि औषधं १९९४ मध्ये स्थापन झालेलं तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ एकगठ्ठा विकत घेतं, प्रयोगशाळेत तपासतं आणि मग दवाखान्यात पाठवतं. केरळनं आणि राजस्थाननं हाच रस्ता धरला. महाराष्ट्रानं औषधखरेदीचं स्वतंत्र प्राधिकरण २०२३ मध्ये आणलं. माझं स्पष्ट मत आहे की सरकारी हॉस्पिटल धडधाकट असेल तरच विम्याचा खर्च आटोक्यात राहतो, कारण खासगीला तोडीस तोड पर्याय समोर उभा असतो. नुसती कार्डं वाटून ते होत नाही.

आता अंबत्तूर, पाडी, आवडी भागात कामाला असलेल्या आपल्या पोरांना मी एवढं सांगतो. पगार एकवीस हजारांच्या जवळ आला की एचआरला विचारा, ईएसआयची शेवटची वर्गणी कोणत्या महिन्याची आणि उपचाराचा हक्क कोणत्या तारखेपर्यंत. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि तिच्या आधी दोन महिने पॉलिसी घ्या, कारण नव्या पॉलिसीत अपघात सोडला तर पहिले तीस दिवस काही मिळत नाही. नोकरी सोडतानाही हाच हिशेब लावा. जुन्या आजारांना थांबावं लागतं. ही मुदत जास्तीत जास्त चार वर्षांची होती, २०२४ पासून ती तीन वर्षांवर आली आहे. बीपी, शुगर लपवू नका. लपवलेलं क्लेमच्या वेळी बाहेर येतं आणि तेव्हा सगळंच जातं. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा अठरा टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेलाय, त्यामुळे परवडत नाही म्हणून थांबलेल्यांनी पुन्हा हिशेब करावा.

पॉलिसीत खोलीच्या भाड्याची मर्यादा तेवढी नीट वाचा. तीन हजारांची मर्यादा असताना सहा हजारांची खोली घेतलीत, तर भाड्याचा फरक तर भरावा लागतोच, शिवाय डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे खोलीशी जोडलेले खर्चही निम्मेच मंजूर होऊ शकतात. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाला यात सत्तर हजार भरावे लागले. "खोली कोणती देऊ?" असं विचारतात तेव्हा माणूस घाबरलेला असतो, चांगली द्या म्हणतो. आधी हॉस्पिटलातल्या टीपीएच्या, म्हणजे विम्याचं काम बघणाऱ्यांच्या, टेबलावर मर्यादा विचारा.

गलाईवाल्यांना आणि साइटवरच्या मजुरांना आणखी एक. परराज्यातून येऊन सहा महिन्यांच्या वर राहिलेल्या कामगारांना योग्य अधिकाऱ्याच्या दाखल्यावर इथल्या मुख्यमंत्री योजनेत येता येतं. आप्पांना एवढी वर्षं सावकारपेठेत राहून हे कोणी सांगितलं नव्हतं. १८०० ४२५ ३९९३ हा योजनेचा फुकट नंबर आहे. गावाकडं आयुष्मानच्या यादीत नाव आहे का, ते १४५५५ वर विचारा. आणि मध्यरात्री छातीत दुखलं तर रिक्षा शोधू नका, १०८ लावा आणि सरकारी मोठ्या हॉस्पिटलला न्यायला सांगा.

गंठण मागच्या वर्षी सोडवून आणलं. आई आता माझ्या पॉलिसीत आहे, पण तिच्या हृदयाच्या आजाराची मुदत अजून चालू आहे, त्यासाठी वेगळे पैसे बाजूला टाकतो. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं पाच लाखांचं वयवंदना कार्ड मिळतं, आणि वय आधारवरचं धरतात. आईला आपली जन्मतारीख माहीत नाही. गावच्या शिबिरात आधार काढताना मास्तरांनी १ जानेवारी १९५७ लिहिली होती. कॅलेंडरवाल्या भिंतीला मी एक कागद चिकटवलाय, त्यावर लाल पेननं लिहिलंय: १ जानेवारी २०२७, आईचं कार्ड.