अंथरूण ओले करणारे मूल दोषी नसते

बालरोग विभागात येणारे पालक मुलाचा ताप, खोकला, मंदावलेली भूक यांविषयी मोकळेपणाने बोलतात. मूल रात्री अंथरुणात लघवी करते, ही गोष्ट मात्र पुष्कळदा निघता निघता, हलक्या आवाजात सांगितली जाते. या संकोचापायी उपचार लांबतो आणि मूल बोलणी खात राहते. म्हणून या विषयाची थोडक्यात माहिती येथे देत आहोत.

वयाच्या ५ व्या वर्षापर्यंत असे होणे स्वाभाविक मानले जाते. ५ वर्षांच्या शंभर मुलांपैकी सुमारे १५ मुलांचे अंथरूण रात्री ओले होते. त्यांपैकी साधारण १५ टक्के मुले दरवर्षी उपचारांविना बरी होतात. हा त्रास बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. आई किंवा वडिलांना लहानपणी तो असल्यास मुलांत आढळण्याचा संभव वाढतो.

रात्री मूत्रनिर्मिती कमी ठेवणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक काही मुलांत पुरेसे स्रवत नाही. काहींच्या मूत्राशयात मूत्र कमी साठते. शिवाय मूत्राशय भरल्याची जाणीव होऊनही त्यांची झोप मोडत नाही. यात आळस किंवा हट्ट कोठेही नाही. मारणे, चटके देणे, भावंडांसमोर हिणवणे यांनी मूल बरे होत नाही. ते केवळ भयभीत होते.

पाणी दिवसभरात पुरेसे द्यावे, झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत कमी द्यावे. सायंकाळी चहा व कोला टाळावा. झोपताना लघवीस पाठवावे. शौचालय घराबाहेर असल्यास दिवा व सोबत द्यावी. बद्धकोष्ठ असल्यास त्यावर प्रथम उपचार करावेत.

एवढ्याने न भागल्यास, ओलावा लागताच वाजणारे गजराचे यंत्र उपयोगी पडते. ही पद्धती १९३८ पासून ज्ञात आहे. मात्र दोन-तीन महिने चिकाटी हवी. डेस्मोप्रेसिन हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे; ते दिल्यावर रात्री पाणी अत्यल्प द्यावे लागते.

सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागल्यास, लघवीस जळजळ, दिवसाही कपडे ओले होणे किंवा घोरणे आढळल्यास तपासणी करून घ्यावी. अतिशय तहान लागून वजन घटत असेल, तर मधुमेहाची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पालकांस आमची विनंती एवढीच, की हा विषय तपासणीच्या आरंभीच काढावा, आणि तोही मुलाला खाली मान घालावी लागणार नाही अशा शब्दांत.