खारीच्या पोरक्या पिलांचें संगोपन

गेल्या वर्षीं मृगाच्या पहिल्या वादळांत हिंगण्यांतील आमच्या आळींतल्या एका जुन्या निंबाची फांदी मोडली आणि तिच्यावरील चिंध्या, सुतळी व गवत ह्यांचें घरटें खालीं आलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दोन विद्यार्थी कंपासपेटींत खारीचीं दोन पिलें घेऊन माझ्या दारीं उभे राहिले. पिलांचे डोळे मिटलेले होते, अंगावर लव नव्हती, आणि दोन्हीं पिलें थंडगार पडलीं होतीं. मीं घाईघाईनें गाईचें दूध कोमट केलें व कापसाच्या वातीनें त्यांच्या तोंडांत पिळलें. एका पिलाच्या नाकांतून दुधाचा बुडबुडा आला. त्याचा अर्थ मला कळला नाहीं. रात्रीं तें पिलू मेलें. मुलांनीं तें निंबाखालीं पुरलें व मला विचारलें, "सर, आपण दूध तर पाजलें होतें, मग तें मेलें कसें?"

त्या वेळीं मला उत्तर देतां आलें नाहीं. पुढें जें वाचून व जाणत्यांस विचारून समजलें, तें विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें लिहीत आहें.

आपल्या भागांत वस्तीजवळ दिसणारी खार बहुधा पांच पट्ट्यांची असते. रॉटन ह्या प्राणिशास्त्रज्ञानें १९०५ सालीं तिचें शास्त्रीय वर्णन केलें. तिच्या फ्युनॅम्ब्युलस ह्या शास्त्रीय नांवाचा अर्थ दोरीवर चालणारा असा आहे. विजेच्या तारेवरून धांवणारी खार ज्यानें पाहिली आहे त्यास हें नांव किती समर्पक आहे तें सांगावयास नको. मादीस एका वेळीं बहुधा दोन ते चार पिलें होतात व कित्येक आठवडे तीं आईच्या दुधावर वाढतात.

पिलू सांपडतांच पहिला विचार दुधाचा नव्हे, तर त्याच्या आईचा करावा. माणसाचा हात लागला म्हणजे आई पिलास टाकून देते, हा समज खरा नाहीं. पिलू धडधाकट असेल तर लहानशा परडींत मऊ फडकें घालून तें त्याच झाडाच्या बुंध्याशीं, मांजर व मुंग्या ह्यांपासून सुरक्षित असें, थोड्या उंचीवर ठेवावें आणि आपण दूर व्हावें. आई दिवसाउजेडीं येते व एकेक पिलू तोंडांत धरून नव्या घरट्यांत नेते. रात्रीं ती बाहेर पडत नाहीं. म्हणून अंधार पडल्यावर पिलू घरांत घ्यावें व सकाळीं पुन्हां ठेवावें. आम्हीं हें केलें असतें तर कदाचित् दोन्हीं पिलें वांचलीं असतीं.

आई आली नाहीं, किंवा पिलू जखमी असेल, तर वनविभागास कळवावें. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा विनामूल्य दूरध्वनि क्रमांक आहे. आणि नागपुरास सेमिनरी हिल्सवर वन्य प्राण्यांवर उपचार करणारें वनविभागाचें ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. खार हा वन्य प्राणी असल्यानें तिला पिंजऱ्यांत पाळणें योग्य नाहीं, हेंही ध्यानांत असावें. खालील माहिती पिलू तज्ज्ञांच्या हातीं पडेपर्यंत, किंवा त्यांच्या सल्ल्यानें सांभाळावें लागल्यास, उपयोगीं पडेल.

प्रथम ऊब, मग पाणी, नंतर दूध, हा क्रम कधींही मोडूं नये. थंड पडलेल्या पिलाच्या पोटांत अन्न पचत नाहीं. गरम पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून खोक्याच्या अर्ध्या भागाखालीं ठेवावी, म्हणजे फार ऊब झाल्यास पिलास दुसऱ्या बाजूस सरकतां येतें. तें ऊबदार झाल्यावर पहिल्या एक-दोन वेळां दुधाऐवजीं जलसंजीवनीचें कोमट पाणी थेंब थेंब द्यावें.

आतां दूध कोणतें, ह्या मुख्य प्रश्नाकडे वळूं. सर्व दुधें पांढरीं दिसतात म्हणून सारखीं नसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुस्ताव फॉन बुंगे ह्या शरीरशास्त्रज्ञानें एक उद्बोधक तुलना केली. जन्मावेळचें वजन दुप्पट होण्यास माणसाच्या बाळास सुमारें १८० दिवस, वासरास ४७ दिवस, तर कुत्र्याच्या पिलास अवघे ९ दिवस लागतात. आणि ज्याची वाढ जलद, त्याच्या आईच्या दुधांत प्रथिनें अधिक. गाईच्या दुधाच्या शंभर भागांत प्रथिनें सुमारें साडेतीन, स्निग्धांश चार व शर्करा पांचाच्या आसपास असते. कुत्रीच्या दुधांत प्रथिनें सात-आठ व स्निग्धांश नऊच्या सुमारास असून शर्करा गाईच्या दुधाहून कमी असते. अमेरिकेंतील करड्या खारीच्या दुधाचें पृथक्करण झालेलें आहे. त्यांतही स्निग्धांश व प्रथिनें पुष्कळ आणि शर्करा थोडी, असेंच आढळलें.

ह्यावरून गाईचें दूध खारीच्या पिलास कां सोसत नाहीं हें उघड होतें. त्यांत जें हवें तें थोडें आणि जें नको तें फार. दुधांतील अधिक शर्करेनें पिलास हगवण लागते. आणि वीस ग्रॅम वजनाच्या जीवाच्या अंगांतून चार-दोन थेंब पाणी अधिक गेलें तरी तें त्याच्या प्राणांवर बेततें. तान्ह्या बाळांसाठीं मिळणारी भुकटी ह्या कामीं गाईच्या दुधाहूनही वाईट. कारण ती आईच्या दुधाच्या नमुन्यावर केलेली असते, आणि त्या दुधांत शर्करा सात व प्रथिनें केवळ एकाच्या आसपास असतात. म्हणून कुत्र्याच्या पिलांसाठीं तयार केलेली दुधाची भुकटी ही त्यांतल्या त्यांत जवळची ठरते. पशुवैद्याच्या सल्ल्यानें ती आणावी. एक भाग भुकटी व दोन भाग उकळून कोमट केलेलें पाणी असें प्रमाण बहुधा घेतात. ती न मिळाल्यास बकरीचें दूध एखाद्या दिवसाची वेळ निभावण्यापुरतें द्यावें.

किती व कसें पाजावें, हेंही तितकेंच महत्त्वाचें आहे. एका वेळचें दूध पिलाच्या वजनाच्या शेंकडा पांचांहून फारसें अधिक नसावें. म्हणजे वीस ग्रॅमच्या पिलास एक मिलिलिटर. डोळे मिटलेल्या पिलास दर दोन-तीन तासांनीं, डोळे उघडल्यावर चार तासांनीं पाजावें. कापसाची वात वापरूं नये. सुई काढलेली एक मिलिलिटरची पिचकारी घ्यावी आणि पिलू पालथें, डोकें किंचित् वर असें धरावें. उताणें कधींही धरूं नये. नाकांतून बुडबुडा आला तर दूध श्वासनलिकेकडे गेलें असें समजावें, लगेच थांबावें, डोकें खालीं करून नाक पुसावें. प्रत्येक वेळीं पाजण्यापूर्वीं व नंतर ओल्या कोमट कापसानें पोटाखालचा भाग हळुवार चोळावा, कारण इतक्या लहान पिलांस आईनें चाटल्यावांचून मलमूत्र विसर्जन करतां येत नाहीं.

आपल्या घरीं बाळाचें उष्टावण होतें, पण त्या दिवसापासून त्याचें दूध कोणी तोडीत नाहीं. खारीच्या पिलाचेंही तसेंच आहे. डोळे उघडून दांत आले व तें कुरतडूं लागलें, म्हणजे साधारण पांचव्या-सहाव्या आठवड्यापासून, काकडी, गाजर, पेरू ह्यांच्या बारीक फोडी, कोवळा पाला व कळ्या पुढें ठेवाव्यात. तें खाऊं लागलें कीं दुधाची एकेक वेळ कमी करावी. वजन रोज लिहून ठेवावें. तें घटलें तर घाई झाली असें समजून एक वेळ वाढवावी. येथें प्रेमळ माणसें आणखी एक चूक करतात. पिलास आवडतात म्हणून केवळ शेंगदाणे व सूर्यफुलाच्या बिया चारतात. त्यांत स्फुरद फार व चुना थोडा असल्यानें हाडें ठिसूळ होतात आणि मागचे पाय लुळे पडतात. शेवग्याच्या पाल्यासारखा चुनायुक्त आहार व कोवळें ऊन मिळाल्यास हें टळतें.

शेवटीं तें पिलू आपलें नव्हे. स्वतः दाणा फोडूं लागलेल्या व माणसास पाहून दूर पळणाऱ्या खारीसच झाडावर जगतां येतें. म्हणून त्यास अंगाखांद्यावर खेळवूं नये.

दुसरें पिलू आम्हीं त्याच दिवशीं दुपारीं जाणत्या हातीं सोंपविलें. पहिल्याविषयींची चुटपुट अजून जात नाहीं. परंतु ह्या वर्षीं पुन्हां त्याच निंबाखालीं एक पिलू पडलें, तेव्हां मुलें दुधाची वाटी घेऊन आलीं नाहींत. तीं परडी घेऊन आलीं. तिसऱ्या प्रहरीं आई खालीं उतरली व पिलू घेऊन वर गेली.