शर्यतीचीं कबुतरें : ढाबळीची व्यवस्था आणि आरोग्य

कबुतरें पाळण्याची हौस आपल्या देशांत जुनी आहे. अकबर बादशहाच्या पदरीं वीस हजारांहून अधिक कबुतरें होतीं, अशी नोंद ‘आईन-इ-अकबरी’ ह्या ग्रंथांत सांपडते. तथापि दूर नेऊन सोडलें असतां थेट आपल्या घरीं परतणारें शर्यतीचें कबूतर हें मुख्यत्वें बेल्जियम देशांत एकोणिसाव्या शतकांत निपजलें. पुढें तें इंग्लंडांत व इतरत्र पसरलें. आपल्याकडे ओरिसाच्या पोलीस खात्यानें १९४६ सालीं सैन्याकडून मिळालेलीं अशीं कबुतरें निरोप पोंचविण्यासाठीं पाळलीं; चेन्नई, बंगळूर व कोलकाता येथें त्यांच्या शर्यतीहि होतात. बेल्जियममधील एका लिलांवांत १९२० नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०२० सालीं ‘न्यू किम’ नांवाची एक मादी सोळा लाख युरोंस विकली गेली, ह्यावरून ह्या पांखरास केवढें मोल येऊं शकतें हें दिसेल.

ज्या शेतकऱ्यापाशीं मोकळी जागा व घरचें धान्य आहे, त्यास ही हौस सोपी वाटणें साहजिक आहे. परंतु त्याच आवारांत बहुधा कोंबड्याहि असतात, आणि कबुतराचे कांहीं रोग कबुतरापुरते राहत नाहींत. म्हणून ढाबळ बांधण्यापूर्वींच पुढील गोष्टी नीट समजून घ्याव्या, अशी आमची सूचना आहे.

१. ढाबळ

ढाबळीचे मुख्य गुण तीन : कोरडेपणा, खेळती हवा व पुरेशी जागा. ओल आणि दाटी हींच बहुतेक रोगांचीं माहेरघरें होत. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्य व पश्चिम दिशांनीं येतो, म्हणून ढाबळीचें तोंड पूर्वेस ठेवावें व पश्चिमेची भिंत बंद असावी. जमीन दोन-तीन फूट उंच घ्यावी, म्हणजे ओल चढत नाहीं व खालीं उंदरांस आश्रय मिळत नाहीं. नुसत्या पत्र्यापेक्षां कौलांचें छप्पर उन्हाळ्यांत थंड राहतें. ऊन हवा वर जाऊन निघून जाईल अशी फट छपराखालीं ठेवावी. मात्र वाऱ्याचा झोत बसलेल्या पांखरांवर येऊं नये. मांजर, मुंगूस, साप व उंदीर ह्यांपासून रक्षणासाठीं सर्व उघड्या जागांस बारीक जाळी मारावी.

कबुतरें जितकीं, त्यांहून बसण्याच्या फळ्या अधिक असाव्या. नाहीं तर जागेसाठीं रोज भांडणें होतात. जोड्या, नवीं पिलें व शर्यतीचीं पांखरें ह्यांसाठीं निरनिराळे कप्पे करावे. परतलेलें कबूतर आंत येऊं शकेल, पण बाहेर जाऊं शकणार नाहीं, अशी लोंबत्या तारांची खिडकी दर्शनी बाजूस बसवावी. दहा कबुतरें नीट मावतील अशा ढाबळींत वीस ठेवण्याचा मोह ज्यानें आवरला, त्यानें अर्धें औषध वांचविलें असें समजावें.

२. दाणा-पाणी

एका कबुतरास दिवसास सुमारें ३० ते ४० ग्रॅम दाणा लागतो. मका, ज्वारी, बाजरी व गहूं ह्यांबरोबर वाटाणा, मसूर, मूग ह्यांसारखें कडधान्य मिसळावें. थोडी करडईहि चालते. पिलें असतां व पिसें झडण्याच्या दिवसांत कडधान्य वाढवावें. लांबच्या उड्डाणापूर्वीं मका व करडई वाढवावी, कारण उडण्यास लागणारी शक्ति पांखरू मुख्यत्वें चरबींतून घेतें. कबुतरास दांत नाहींत. म्हणून बारीक खडी, शिंपल्यांचा चुरा व किंचित् मीठ हीं नेहमीं समोर असावीं.

धान्याविषयीं दोन गोष्टी शेतकऱ्यानें विशेष जपाव्या. बुरशी आलेला मका जनावरास द्यावा तसा कबुतरास देऊं नये, किंबहुना तो कोणासच देऊं नये; त्यांतील विष यकृत बिघडवितें. दुसरें असें कीं, औषध लावलेलें पेरणीचें बियाणें उघड्यावर सांडूं देऊं नये. पेरणीच्या दिवसांत कबुतरें शेतांत उतरतात व तेंच टिपून मरतात. त्या दिवसांत त्यांस पोटभर चारून मगच, व तेंहि थोडा वेळच, बाहेर सोडावें.

पाण्याचें भांडें रोज घांसून धुवावें व विष्ठा पडणार नाहीं असें झांकणाचें असावें. आठवड्यांतून एक-दोन वेळां आंघोळीस उथळ परात ठेवावी आणि आंघोळ होतांच तें पाणी ओतून टाकावें.

३. अंडीं व पिलें

मादी दोन अंडीं घालते. दुसरें अंडें पहिल्यानंतर सुमारें ४४ तासांनीं येतें. नर व मादी आळीपाळीनें बसतात : दिवसाचा मधला भाग नर, बाकीचा वेळ व रात्र मादी. सतरा-अठरा दिवसांनीं पिलें निघतात. पहिले कांहीं दिवस मायबाप दोघेहि गळ्याच्या पिशवींत तयार होणारें दह्यासारखें ‘दूध’ पिलांस भरवितात. सुमारें सातव्या दिवशीं पायांत सालाचें व क्रमांकाचें बंद कडें घालावें. पुढें पाऊल वाढून तें चढत नाहीं. चार आठवड्यांच्या सुमारास पिलें निराळीं करावीं. घरट्यांत तंबाखूच्या वाळल्या काड्या घालण्याची जुनी रीत आहे. त्यांनीं पिसवा व गोचिडीसारखे किडे दूर राहण्यास मदत होते.

४. रोगाची ओळख

सकाळीं ढाबळींत शिरतांच प्रथम विष्ठा पाहावी. निरोगी कबुतराची विष्ठा घट्ट, गोल व माथ्यावर पांढरी असते. हिरवी, पातळ विष्ठा, फुगविलेलीं पिसें, मळकी नाकावरील गांठ, एका डोळ्यांत पाणी, यांपैकीं कांहीं दिसल्यास तें पांखरू तत्काळ अलग करावें.

घशांतील पिंवळा चिकटा : ट्रायकोमोनास नांवाच्या सूक्ष्म जीवानें हा होतो. तो पाण्याच्या भांड्यांतून व मायबापांच्या दुधांतून पिलांस लागतो.

रक्ती हगवण व जंत : हे ओल्या, घाण जमिनींतून वाढतात. जमीन कोरडी असली तर औषधाचें निम्में काम झालें.

देवी : हा रोग डांसांमुळें पसरतो, डोळ्यांभोंवतीं, चोंचीवर व पायांवर खवल्या येतात. त्यावर लस आहे.

कबुतरमाशी : पिसांत वावरणारी ही चपटी माशी उष्ण प्रदेशांत फार असते. ती रक्त पिते व हिंवतापासारख्या रोगाचे जंतु एका पांखरांतून दुसऱ्यांत नेते.

सर्वांत भयंकर रोग मानमोडीचा. कोंबड्यांच्या ज्या रोगास आपण रानीखेत म्हणतों, त्याच विषाणूचा हा कबुतरांतील प्रकार होय. पांखरू फार पाणी पितें, पातळ हगतें. पुढें मान पिळते, दाणा टिपतांना नेम चुकतो, पाय किंवा पंख लुळा पडतो. ह्यास औषध नाहीं. खोल भांड्यांत दाणा-पाणी देऊन शुश्रूषा केल्यास कित्येक पांखरें वांचतात, पण तोंवर रोग सर्वत्र पसरलेला असतो. इंग्लंडांत १९८४ सालीं लिव्हरपूलच्या गोदींत सांठविलेलें धान्य रोगी कबुतरांच्या विष्ठेनें दूषित झालें, आणि तें खाद्य गेलें तेथील लस न टोंचलेल्या कोंबड्यांत हा रोग उद्भवला. ह्यावरून धडा स्पष्ट आहे : कबुतरांस व कोंबड्यांस दोहोंसहि वेळेवर लस टोंचवावी, ढाबळ व खुराडें दूर असावें, दाण्याचीं पोतीं झांकून ठेवावीं, ढाबळींतील वहाणा व झाडू खुराड्यांत नेऊं नये. विकत आणलेलें वा भटकून आलेलें कबूतर निदान तीन आठवडे वेगळें ठेवावें.

कांहीं हौशी लोक दर महिन्यास सर्व कबुतरांस निरनिराळीं औषधें पाण्यांतून पाजतात. ही रीत आम्हांस घातक वाटते. अर्धवट मात्रेनें रोगजंतु मरत नाहींत, उलट त्या औषधास निर्ढावतात. ताजी विष्ठा पशुवैद्याकडे सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून घ्यावी व निदान झाल्यावरच औषध द्यावें.

५. शर्यतीची तयारी

पिलांस पांच-सहा आठवड्यांचीं असतांना ढाबळीभोंवतीं फिरूं द्यावें. तीं घर ओळखूं लागलीं कीं ५, १०, २०, ४० किलोमीटर अशा क्रमानें दूर नेऊन सोडावीं. सोडणें सकाळीं, स्वच्छ आकाशांत व हलक्या पोटीं व्हावें. धुकें किंवा पाऊस असतां कदापि नको. परतलेल्या पांखरास आधीं पाणी व मग थोडा हलका दाणा द्यावा. निरनिराळ्या ढाबळींचें अंतर सारखें नसतें, म्हणून शर्यतींत आधीं कोण पोंचला हें न पाहतां दर मिनिटास किती मीटर उड्डाण झालें हें मोजतात. पिसें झडत असतां, किंवा रोगांतून नुकतें उठलें असतां, पांखरू शर्यतीस घालणें म्हणजे तें गमावणेंच होय.

६. धन्याचें आरोग्य व खत

कबुतरांच्या पिसांची व विष्ठेची बारीक धूळ वर्षानुवर्षें श्वासांतून गेल्यास कित्येकांच्या फुप्फुसांस कायमची इजा होते. ढाबळ साफ केल्यावर कांहीं तासांनीं कोरडा खोकला, कणकण व दम लागूं लागल्यास तें पडसें समजून दुर्लक्ष करूं नये. वैद्यास आपण कबुतरें पाळतों हें अवश्य सांगावें. मुंबईंत २०२५ सालीं कबुतरखाने बंद करण्यावरून जो वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्याच्या मुळाशींहि हाच आरोग्याचा प्रश्न होता. म्हणून विष्ठा रोज काढावी, सांचूं देऊं नये; त्या वेळीं तोंडानाकास चांगला मास्क बांधावा; आणि लहान मुलांस व दमेकऱ्यांस हें काम सांगूं नये.

ही विष्ठा वायां मात्र जाऊं देऊं नये. इराणांत इस्फहानच्या आसपास पूर्वीं केवळ खतासाठीं मोठमोठे कबुतरांचे मनोरे बांधीत व तें खत कलिंगड-खरबुजांच्या मळ्यांस घालीत. आपणहि तें काडीकचऱ्यांत मिसळून खड्ड्यांत पुरतें कुजवावें व मगच शेतास द्यावें. ताजें खत तीव्र असतें, आणि त्यांत रोगजंतुहि असूं शकतात. तें भाजीच्या वाफ्यांत घालूं नये.

सारांश, कोरडी ढाबळ, मोजकीं पांखरें, स्वच्छ दाणा-पाणी, वेळेवर लस व रोजची नजर, हीं पांच पथ्यें जो पाळील त्याचीं कबुतरें घरीं परततील. ज्यास हें रोजचें काम जमणार नाहीं, त्यानें चार जोड्यांवरच समाधान मानावें. त्यांत त्याचेंहि हित आहे, व शेजाऱ्याच्या कोंबड्यांचेंहि.