कवळीचे चिकटद्रव्य : वापर आणि हिशेब

दात गेल्यानंतर बसवलेली कवळी ही ज्येष्ठ नागरिकांची मोठी सोय आहे. तिच्यामुळे भाकरी चावता येते, उच्चार स्पष्ट राहतात आणि चारचौघांत मोकळेपणाने हसता येते. हीच कवळी बोलता बोलता सुटू लागली, की मनुष्य समारंभ टाळू लागतो आणि मऊ भातावर दिवस काढू लागतो. अशा वेळी औषधांच्या दुकानात मिळणारे चिकटद्रव्य, मग ते क्रीमच्या रूपात असो वा पावडरच्या, उपयोगी पडते. ते किती, कसे आणि कोठवर वापरावे, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

कवळी टिकते कशी?

नीट बसणारी कवळी मुळात चिकटद्रव्याविना जागेवर राहते. कवळी आणि हिरडी यांच्यामध्ये लाळेचा अत्यंत पातळ थर असतो. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या असता त्या सहज सुटत नाहीत, तसाच हा प्रकार होय. वरच्या कवळीला टाळ्याचा विस्तृत आधार मिळतो. खालची कवळी मात्र जिभेच्या हालचालींमुळे लवकर हलते. चिकटद्रव्य लाळेने फुगून दाट होते आणि मधली बारीक फट भरून काढते.

परंतु ही फट कायम तेवढीच राहत नाही. दात गेल्यावर हिरडीखालचे हाड हळूहळू झिजत जाते. २५ वर्षांच्या निरीक्षणांवर आधारलेल्या आणि १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट आढळली होती. कवळी तीच राहते, जबडा बदलतो. म्हणूनच काही वर्षांपूर्वी घट्ट बसणारी कवळी पुढे सैल होते.

वापरण्याची पद्धत

१. कवळी स्वच्छ धुवावी व चूळ भरावी. क्रीम लावायचे असल्यास कवळी कोरडी करावी. पावडर वापरायची असल्यास ती किंचित ओलसर ठेवावी आणि जादा पावडर झटकून टाकावी.

२. प्रत्येक कवळीस क्रीमचे मटाराच्या दाण्याएवढे तीन किंवा चार ठिपके पुरेसे होतात. ते कडांपासून आत लावावेत.

३. कवळी बसवून काही सेकंद घट्ट दाबून धरावी. बाजूंनी क्रीम बाहेर आले, तर ते जास्त झाले असे समजावे आणि पुढच्या वेळी प्रमाण कमी करावे.

४. खाण्यापूर्वी, विशेषतः गरम चहापूर्वी, काही मिनिटे थांबावे.

५. रात्री कोमट पाण्याने चूळ भरून कवळी हलकेच सोडवावी. हिरड्यांवर राहिलेला चिकट थर ओल्या मऊ कापडाने रोजच्या रोज पुसून काढावा. कवळी मऊ ब्रशने घासावी. नेहमीच्या टूथपेस्टने तिच्यावर चरे पडतात आणि उकळत्या पाण्याने तिचा आकार बिघडतो.

झोपताना कवळी काढून पाण्यात ठेवावी. जपानमध्ये ८५ वर्षे व त्यावरील ५२४ वृद्धांच्या पाहणीत कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट असल्याचे दिसले. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला.

ट्यूबचा हिशेब

वरच्या व खालच्या अशा दोन्ही कवळ्यांसाठी ६८ ग्रॅमची एक ट्यूब सात ते आठ आठवडे पुरावी, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे मार्गदर्शन आहे. म्हणजे दिवसाला साधारण सव्वा ते दीड ग्रॅम.

हा हिशेब सोडल्यास काय घडते, ते २००८ साली तेथील वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले गेले. चार रुग्ण दर आठवड्याला दोन किंवा अधिक ट्यूब दीर्घकाळ वापरत होते. त्या क्रीममध्ये जस्त होते. दोन ट्यूबच्या हिशेबानेही दिवसाला ३०० मिलिग्रॅमहून अधिक जस्ताशी संबंध येत होता. प्रौढांसाठी तेथील कमाल मर्यादा ४० मिलिग्रॅम आहे. अतिरिक्त जस्तामुळे शरीरातील तांबे घटते. त्यातून हातापायांना बधिरता येते, चालताना तोल जातो आणि रक्तक्षय होतो. मज्जातंतूंची अशी हानी पूर्णपणे भरून येईलच असे नाही. २०१० साली एका मोठ्या उत्पादक कंपनीने जस्तयुक्त क्रीमचे उत्पादन थांबवले. तरीही खरेदी करताना वेष्टनावरील घटक वाचावेत आणि जस्तविरहित उत्पादन निवडावे.

नवी ट्यूब उघडताना तिच्यावर तारीख लिहून ठेवावी. आठ आठवड्यांची ट्यूब तीन आठवड्यांत संपू लागली, तर दोष ट्यूबचा नसून कवळीच्या बसणीचा असण्याची शक्यता अधिक. तात्पुरत्या गरजेसाठी घेतलेली उचल आणि दर महिन्याची तूट यांत जो फरक, तोच येथेही आहे. उचल व्यवहार सावरते. तूट मात्र अधिक उचल घेऊन मिटत नाही.

दंतवैद्याकडे केव्हा जावे?

चिकटद्रव्य दररोज लागत असेल, प्रमाण वाढत असेल, हिरड्या लाल होत असतील, व्रण पडत असतील किंवा तोंड सतत कोरडे राहत असेल, तर तपासणी करून घ्यावी. रक्तदाब, ॲलर्जी वा नैराश्यावरील काही औषधांनी लाळ कमी होते, म्हणून चालू औषधांची यादी सोबत न्यावी. कवळीच्या आतील बाजूस नवे अस्तर बसवून ती पुन्हा नीट बसवता येते. यास दंतवैद्य 'रिलाइनिंग' म्हणतात. प्रत्येक वेळी नवी कवळी करावी लागतेच असे नाही. मोडलेली कवळी घरच्या गोंदाने जोडणे किंवा टोचणारी कड घरी घासणे कटाक्षाने टाळावे. हातापायांत मुंग्या वा बधिरता जाणवत असल्यास डॉक्टरांना चिकटद्रव्याचा वापर आवर्जून सांगावा, कारण विचारल्याशिवाय ही गोष्ट सहसा कोणाच्या तोंडून निघत नाही.

घरातील तरुणांनीही आई-वडिलांच्या कपाटातील ट्यूब किती दिवसांत संपते, हे अधूनमधून पाहावे. संकोचापोटी जे सांगितले जात नाही, ते त्या तारखेवरून कळते.