धुणे : घाटावरचे आणि घरातले

भीमेच्या काठी वसलेले राजगुरुनगर म्हणजे पूर्वीचे खेड. १९०८ साली हुतात्मा राजगुरूंचा जन्म झाला तो येथेच. गावातील बायका पूर्वी धुण्याचे बोचके डोक्यावर घेऊन नदी गाठीत. कपडे दगडावर आपटायचे, खळबळायचे, पिळायचे आणि ते ओले ओझे पुन्हा घरी आणायचे! मदतीला थोरली मुलगी असे. मग कित्येकदा तिची शाळा बुडे.

आता चाकणच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या अनेकांच्या घरी धुलाईयंत्र असते. नव्या यंत्रांना लोक ‘हुशार’ म्हणतात. ही हुशारी कोणती? पिंपात कपडे थोडे असले, तर ते फिरवण्यास जोर कमी लागतो. पुष्कळ असले, तर अधिक. मोटारीवर पडणाऱ्या या भारावरून यंत्र कपड्यांचे वजन ताडते आणि त्या मानाने पाणी घेते. काही यंत्रे पाण्यातून प्रकाश सोडून त्याचा गढूळपणाही अजमावतात. शेवटी पिंप गरगर फिरते, काही यंत्रांत तर मिनिटाला हजारांहून अधिक वेळा! गोफणीतून दगड सुटावा तसे पाणी भोकांतून बाहेर फेकले जाते. पिळण्याचे कष्ट वाचतात ते असे.

वाळवणयंत्रात गरम हवा खेळवतात. त्याला वीज फार लागते. वैशाखात दांडीवरचे ऊन फुकट मिळत असता ते कशाला हवे? त्याचे खरे काम आषाढ-श्रावणात.

खिसे तपासणे, रंग जाणारे कपडे वेगळे काढणे, घड्या घालणे ही कामे मात्र माणसांकडेच उरली आहेत. पुष्कळ घरी ती अजून एकटी आईच करते. वास्तविक बारा वर्षांच्या मुलालाही ती सहज जमतात.