दोन वह्यांचा मेळ



आपल्या फोपनारच्या परिसरात केळीचा माल गाडीत भरला जात असताना एक दृश्य आपण सर्वांनी पाहिले असेल. शेतकऱ्याच्या हाती वजनाची चिठ्ठी असते आणि व्यापाऱ्याच्या हाती वही. दोन्हींतील आकडे जुळले म्हणजे व्यवहार निमूटपणे पुरा होतो. न जुळले म्हणजे वादाला तोंड फुटते. अशा वेळी "वजन किती?" हा प्रश्न मागे पडतो आणि "खरी नोंद कोणती?" हा प्रश्न पुढे येतो. प्रस्तुत लेखात आम्ही याच प्रश्नाचा, परंतु संगणकाच्या क्षेत्रातील, विचार करणार आहोत. विषय नवा असला तरी त्याचे मर्म जुनेच आहे.

संगणकाची आज्ञावली तयार झाली म्हणजे ती बरोबर चालते की नाही हे पाहावे लागते. त्यासाठी आधीच प्रसंग लिहून ठेवतात: अमुक स्थिती असता, अमुक कृती केली, तर अमुक फळ मिळाले पाहिजे. अशा प्रसंगांना चाचणी-प्रसंग म्हणावे. ते लिहिण्याची 'गर्किन' नावाची एक सोपी पद्धत आहे. ती ज्या साधनाबरोबर प्रसिद्धीस आली त्याचे नाव 'क्युकंबर'. ते अस्लाक हेलेसॉय यांनी 2008 मध्ये तयार केले. एक नाव काकडीचे, तर दुसरे लोणच्याच्या काकडीचे! परंतु आपणांस अभिमान वाटावा अशी गोष्ट पुढेच आहे. या पद्धतीतील सूचक शब्द सत्तरांच्या आसपास भाषांत उपलब्ध असून त्यांत मराठीही आहे. त्यामुळे पुढीलसारखा मराठी मजकूर संगणकास समजू शकतो:

वैशिष्ट्य: विषयातील उत्तीर्णता
परिदृश्य: सीमेजवळील गुण
दिलेल्या प्रमाणे विद्यार्थिनीला गणितात 100 पैकी 34 गुण आहेत
जेव्हा गुणपत्रक तयार केले जाते
मग गणितापुढे 'उत्तीर्ण' असे छापले जाते

हा प्रसंग आज्ञावली लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर, आज्ञावलीच्या शेजारीच, एका फाइलीत राहतो. ही झाली पहिली वही. परंतु मोठ्या कामात प्रसंग शेकड्यांनी असतात. कोणता कोणी तपासला, केव्हा तपासला, कोणता फसला, हे सर्वांना एकाच ठिकाणी दिसावे म्हणून एक मध्यवर्ती नोंदवही ठेवतात. तिला चाचणी-व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. टेस्टरेल, ॲझ्युर टेस्ट प्लॅन्स ही अशा प्रणालींची नावे पुण्यातील संगणक-कार्यालयांत नित्याची आहेत. ही झाली दुसरी वही. एकच प्रसंग दोन ठिकाणी लिहिला गेला की त्या दोहोंचा मेळ राखणे क्रमप्राप्तच होते.

हा मेळ बिघडला तर काय होते, हे आम्ही स्वतःच्या चुकीवरून शिकलो. आम्ही पूर्वी ज्या शाळेत होतो, तेथील मुलांनी गुणपत्रक तयार करणारी एक छोटी आज्ञावली केली होती. प्रसंगांचा मूळ संच महाराष्ट्रातील एका स्नेह्याकडून मिळाला होता. आता, महाराष्ट्रात दहावीला उत्तीर्ण होण्यास विषयात 35 टक्के गुण लागतात, तर मध्यप्रदेशच्या मंडळात 33. साहजिकच त्या संचात 34 गुणांपुढे 'अनुत्तीर्ण' असे होते. एका मुलाने ही चूक हेरली, आपल्या फाइलीत 'उत्तीर्ण' असा बदल केला आणि आज्ञावलीतही 33 चा आकडा घातला. काम चोख झाले होते.

परंतु जुळणीची योजना आम्ही ठरविलेली होती, आणि तीत मध्यवर्ती नोंदवहीतील मजकूर रोज सायंकाळी मुलांच्या फाइलींवर उतरत असे. नोंदवहीत बदल झालेलाच नव्हता. रात्री जुने 'अनुत्तीर्ण' परत आले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलाने चाचणी चालविली, ती फसली. त्याने चाचणीवर विश्वास ठेवला व आज्ञावलीतील आकडा पुन्हा 35 केला. त्यातही त्याचे काही चुकले नाही. सहामाहीची यादी फलकावर लागली, तेव्हा गणितात 34 गुण मिळविणाऱ्या एका मुलीचे नाव अनुत्तीर्णांत होते. ती दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो, तिच्या आईवडिलांसमोर चूक कबूल केली आणि सुधारलेली यादी दाखविली. तिचे वडील इतकेच म्हणाले, "गुरुजी, यंत्र चुकलं असं तुम्ही म्हणाला नाहीत, हे बरं केलंत."

त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा अभ्यास आरंभिला. त्याचे सार पुढे देतो.

पहिली गोष्ट, ओळख. 1964 मध्ये आपल्या फोपनार येथे सात प्राचीन बुद्धमूर्ती सापडल्या, हे आपण ऐकले असेल. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात हा ठेवा पाहावयास मिळतो. संग्रहालयात आलेल्या प्रत्येक वस्तूस एक क्रमांक देतात. तोच क्रमांक वस्तूवर आणि तोच नोंदवहीत. वस्तू दुसऱ्या दालनात नेली किंवा तिचे वर्णन बदलले, तरी क्रमांक बदलत नाही. चाचणी-प्रसंगाचेही तसेच करावे. नोंदवहीने दिलेला क्रमांक फाइलीतील प्रसंगाच्या डोक्यावर खूणचिठ्ठी म्हणून लिहावा. 'स्पेकसिंक' यासारखी साधने हे काम आपोआप करतात. केवळ शीर्षकावरून ओळख ठेवली, तर शीर्षकातील एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारताच नोंदवही त्यास नवा प्रसंग समजते, आणि एकाचे दोन होतात.

दुसरी गोष्ट, अधिकार. दोहोंपैकी मूळ प्रत कोणती, हे आधी ठरवावे. सामान्यतः प्रसंगाचा मजकूर फाइलीत मूळ मानावा, कारण तो आज्ञावलीबरोबरच बदलतो. आणि चाचणीचा निकाल नोंदवहीत मूळ मानावा, कारण तो सर्वांनी पाहावयाचा असतो. म्हणजे मजकूर फाइलीकडून नोंदवहीकडे जाईल. उलट जाणार नाही. आम्ही नेमके हेच उलटे केले होते.

तिसरी गोष्ट, योजनापत्र. जुळणी करणाऱ्या साधनास एका छोट्या फाइलीतून चार गोष्टी सांगाव्या लागतात: नोंदवहीचा पत्ता, तीतील आपल्या प्रकल्पाचे नाव, कोणत्या फोल्डरातील फाइली वाचावयाच्या, आणि कोणता भाग कोणत्या रकान्यात जावयाचा. 'परिदृश्य' या शब्दापुढील ओळ शीर्षकाच्या रकान्यात, 'जेव्हा' व 'मग' यांच्या ओळी पायऱ्यांच्या रकान्यात, अशी ही वाटणी असते. नोंदवहीची गुप्त किल्ली मात्र या पत्रात कधीही लिहू नये. हे पत्र सर्वांच्या हाती जाते. घराची किल्ली दारालाच टांगून ठेवण्यासारखे ते होईल. ती संगणकाच्या वेगळ्या, सुरक्षित जागी ठेवावी.

चौथी गोष्ट, तंटा. मागील जुळणीच्या वेळी मजकूर कसा होता, याचा ठसा साधनाने राखून ठेवावा. पुढील वेळी तीन गोष्टींची तुलना होते: जुना ठसा, आजची फाइल आणि आजची नोंदवही. केवळ फाइल बदलली असेल, तर मजकूर नोंदवहीकडे पाठवावा. केवळ नोंदवही बदलली असेल, तर मूळ प्रतीस सोडून बदल कोणी केला हे विचारावे. दोन्ही बदलल्या असतील, तर साधनाने थांबावे व निर्णय माणसावर सोपवावा. आमच्या प्रसंगी केवळ फाइल बदलली होती. ही तुलना असती, तर 33 चा नियमच टिकला असता.

पाचवी गोष्ट, सावधगिरी. प्रथम एखाद्या लहान फोल्डरावर कोरडी तालीम घ्यावी. तीत साधन प्रत्यक्ष काही न बदलता, "मी अमुक अमुक बदलणार आहे" एवढेच सांगते. ती यादी स्वतः वाचावी. फाइलीतून एखादा प्रसंग नाहीसा झाला म्हणून नोंदवहीतून तो पुसून टाकू नये, तर 'निवृत्त' अशी खूण करावी, म्हणजे जुने निकाल राहतात. आणि जुळणी प्रत्येकाच्या संगणकावरून न करता, सर्वांनी तपासून मान्य केलेल्या सामाईक प्रतीवरूनच करावी.

एवढे करूनही एक गोष्ट उरते. दोन वह्या जुळल्या म्हणजे त्या खऱ्या आहेत असे नव्हे. दोन्हींत 35 असते, तर मेळ उत्तम बसला असता आणि तरीही ती मुलगी रडलीच असती. 4 जून 1996 रोजी युरोपचे 'आरियान 5' हे अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे 40 सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या मार्गदर्शक यंत्रणेतील आज्ञावली 'आरियान 4' वरून घेतलेली होती. नव्या बाणाचा वेगळा मार्ग घेऊन तिची चाचणीच झालेली नव्हती. एका मोठ्या संख्येस लहान जागेत बसविता आले नाही आणि यंत्रणा बंद पडली. एका परिस्थितीत खरा असलेला प्रसंग दुसऱ्या परिस्थितीत आणताना पुन्हा पारखावा लागतो, मग तो अग्निबाणाचा असो की सीमेपलीकडून आणलेल्या गुणांच्या नियमाचा.

आमची मायबोली कोकणी. घरी आम्ही कोकणी बोलतो आणि वर्गात मराठी. एकच गोष्ट दोन ठिकाणी सांगताना अर्थ हलू नये म्हणून किती जपावे लागते, याचा अनुभव आम्हांस रोजचा आहे. शब्द जुळविणे यंत्रास साधते. अर्थ जुळतो की नाही, हे माणसासच पाहावे लागते. उद्या आपणांपैकी कोणी अशा कामास लागलात, तर प्रत्येक नोंदीमागे कोणा तरी घरातील एक नाव आहे, इतके स्मरणात ठेवा. तेवढे साधले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही मानू.