यादीत न बसणारं

अमरावती

चि. छोटीस,


तुझं पत्र आणि सोबतची यादी मिळाली. हनोईत कुठे जेवायचं, कुठे उतरायचं, काय चुकवायचं नाही, हे सगळं तू लोकांनी दिलेल्या ताऱ्यांवरून आणि अभिप्रायांवरून काढलं आहेस. मेहनत चांगली घेतलीस. पण तू माझं मत मागितलं आहेस, म्हणून स्पष्ट लिहितो. अशा यादीत मुळात कोणत्या गोष्टी येऊ शकतात याचा विचार कर. जे बाराही महिने मिळतं, अनोळखी माणसाला मिळतं आणि दोघांच्या टेबलावर मांडता येतं, तेच यादीत येतं. एखाद्या मुलखाचं सगळ्यांत लक्षात राहणारं खाणं मात्र बहुधा या अटींत बसत नाही. त्यामुळे यादी खोटी नसली तरी तिच्यातून नेमकं तेच निसटतं, ज्यासाठी माणसाने एवढा लांबचा प्रवास करावा. हे मी आपल्या वऱ्हाडावरूनच दाखवतो, कारण इथलं माझं म्हणणं तुला स्वतःला तपासता येईल.

हुरड्याचंच घे. ज्वारीच्या कणसात आधी दूध भरतं, मग ते हळूहळू घट्ट होऊ लागतं. दाणा नखाखाली दबतो, पण दूध बाहेर येत नाही, तेव्हा तो हुरड्याला आला. एका वावरात ही अवस्था मोजके दिवस टिकते. त्यानंतर दाणा कडक होतो आणि त्याची फक्त भाकर होते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी ‘पीकेव्ही अश्विनी’सारखं वाण काढलं, तरी दिवसांचं हे बंधन कोणाला मोडता आलेलं नाही. कणीस गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचं, हाताला चटके बसत असतानाच चोळायचं, तूस फुंकून टाकायचं आणि जवसाची नाहीतर तिळाची चटणी लावून तिथेच खायचं. गार झाला की हुरडा चिवट होतो, म्हणून डब्यात भरून आणलेला हुरडा हा हुरडा नव्हेच. त्यात आता ज्वारीचा बराच पेरा सोयाबीनने खाल्ला आहे. ज्याच्या वावरात अजून ज्वारी उभी आहे अशा माणसाशी ओळख असल्याशिवाय हे खाणं मिळणं कठीण. यादीने ही ओळख कशी करून द्यावी?

रोडग्यांची अडचण वेगळी आहे. तिथे प्रश्न माणसांच्या संख्येचा. कणकेचे तेल लावून पदर घातलेले गोळे विस्तवाच्या आरात पुरायचे, भाजले की राख झटकायची, फोडून तुपात कुस्करायचे आणि वर वांग्याची भाजी, वरण घ्यायचं. एवढा आर दोन माणसांसाठी कोणी पेटवत नाही. नवस फेडायचा असतो, मारुतीपुढे नाहीतर शेतात पंगत बसायची असते, तेव्हाच रोडगे होतात, आणि गावातले पुरुष ते करतात. हॉटेलात तव्यावर शेकून त्या नावाने जे वाढतात त्याला तो धुराचा वास येत नाही. संत्र्याची गोष्टही काळाचीच आहे. वरुड-मोर्शीच्या बागांत अंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. जूनमध्ये जाणाऱ्याला तिथे झाडं दिसतील, पिकलेलं फळ दिसणार नाही, आणि गाडीभाडं मात्र तेवढंच लागेल.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नकोस. तू जिथे निघाली आहेस त्या हनोईतल्या वोंग गावाची ‘कोम’साठी ख्याती आहे. कोवळ्या, हिरव्या चिकट तांदळाचा दाणा भाजून, कांडून तो करतात आणि कमळाच्या पानात बांधून देतात. तोही शरद ऋतूतला. पॅलेस्टाईन-सीरियाकडे हिरवा गहू विस्तवावर भाजून त्याचा ‘फ्रीके’ करतात. स्पेनमधल्या कातालोनियात वाल्स गावाकडे हिवाळ्यात कांद्याच्या कोवळ्या पाती द्राक्षवेलींच्या जाळावर काळ्या होईपर्यंत भाजतात आणि माणसं जमवून हाताने सोलून खातात. पीक वेगळं, भाषा वेगळी, पण कोवळा दाणा किंवा कोवळा कांदा, उघड्यावरचा जाळ आणि सोबतीला माणसं, हा मेळ जगभर आहे. म्हणून परक्या देशात ‘इथे सगळ्यांत चांगलं काय मिळतं’ असं विचारण्यापेक्षा ‘सध्या तुमच्याकडे काय पिकलं आहे आणि तुम्ही घरी काय करता’ असं विचार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुकानदार देतो, दुसऱ्याचं घरचा माणूस. आणि विचारताना आपल्याकडचंही सांगता आलं पाहिजे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी गेली, ती तिथे कबड्डीसारखे आपले खेळ दाखवायला. ज्याच्याजवळ दाखवण्यासारखं काही असतं त्याच्याशी परका माणूस मोकळा होतो. हुरडा कसा भाजतात हे तुला नीट सांगता आलं, तर कोम कसा कांडतात हे तुला कोणीतरी आपण होऊन दाखवील.

तू म्हणशील, रोजचं खाणं मग कमी प्रतीचं का? मुळीच नाही. अमरावतीच्या गाडीवरचा गिला वडा, कढीबरोबरचा आलूबोंडा, शेगाव स्टेशनवरची कचोरी, हे बाराही महिने मिळतं आणि फार चांगलं असतं. अशा खाण्यासाठी यादी जरूर वापर. फक्त तेवढ्यावर मुलूख कळला असं मानू नकोस.

मुक्कामाचंही थोडंफार असंच आहे. गादी आणि गरम पाणी सगळीकडे सारखंच असतं, त्यामुळे ते लक्षात राहत नाही. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाची भक्तनिवासं लोकांच्या लक्षात राहतात ती तिथल्या स्वच्छतेमुळे आणि पाळीपाळीने, विनामोबदला राबणाऱ्या सेवाधाऱ्यांमुळे. मेळघाटात सिपना नदीच्या वळणावरच्या कोलकासच्या विश्रामगृहात चैन नाही, पण रात्री नदी आणि जंगल एवढंच ऐकू येतं. याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा जन्मभर फिरले. गावात पोचले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे, मग भाकर मागायचे. पंढरपूर, नाशिक, आळंदीला त्यांनी धर्मशाळा बांधवल्या, त्या गोरगरिबांना हक्काने पाठ टेकता यावी म्हणून. पाहुण्याने काय घ्यावं याआधी काय द्यावं, हा हिशेब त्यांच्या फिरण्यात होता, आणि मला तो कोणत्याही ताऱ्यांपेक्षा खरा वाटतो.

आता तुझ्या अडचणी. पहिली सुट्टीची. कंपनी देईल तेव्हाच रजा, मग ऋतू कुठून साधायचा? मान्य. पण तारखा हातात नसल्या तर गाव बदलता येतं, आणि गावही ठरलेलं असेल तर निदान त्या दिवसांत तिथे काय पिकतं ते आधी शोधता येतं. उत्तर व्हिएतनामात उन्हाळ्याच्या तोंडाशी लिची येते, कोमचा मुख्य हंगाम तेव्हा नसतो, एवढं कळलं तरी शोधायचं काय ते ठरतं. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे: एकटी मुलगी अनोळखी घरी कशी जाणार? इथे मी अजिबात तडजोड सांगणार नाही. रात्रीचा मुक्काम ओळखीच्या, तपासलेल्या, आधी नक्की केलेल्या जागीच करायचा आणि त्याचा पत्ता घरी कळवायचा. यादी आणि अभिप्राय यांचा खरा उपयोग इथे आहे. ओळखी दिवसा, बाजारात, चार बायकांच्या बसण्याच्या जागी कर, आणि मन कचरलं तर कारण न देता निघून ये.

तिसरी हरकत तू घेतली नाहीस, पण घ्यायला हवी होती. आपण अनुभव शोधायला जातो तेव्हा समोरच्याचं घर प्रदर्शन होतं का? मेळघाटात ही भीती खरी आहे. तिथल्या कोरकू आदिवासींचं जेवण, त्यांची होळी, त्यांचे नाच बघायला गाड्या भरून जातात, आणि त्याच मेळघाटातलं बालकांचं कुपोषण वर्षानुवर्षं बातम्यांत आहे. अशा ठिकाणी बोलावल्याशिवाय चुलीपर्यंत जाऊ नये, विचारल्याशिवाय फोटो काढू नये आणि जेवलो तर पूर्ण दाम द्यावेत, घासाघीस न करता. हनोईच्या खेड्यातही हाच नियम पाळ.

ऋतू चुकला तर पुढच्या वर्षी साधता येतो, पण काही गोष्टींना ‘पुढचं वर्ष’ नसतं. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळची नॅरो गेज ‘शकुंतला’ 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली, पुढे डिझेलवर आली आणि आज धावत नाही. ज्यांनी तिच्यात बसणं लांबणीवर टाकलं त्यांचं ते राहूनच गेलं.

आणखी एक काम कर. जे अनुभवशील ते लिहून ठेव, पण गुण देऊ नकोस. आपल्याकडे याची फार जुनी रीत आहे. रिद्धपूर ज्यांचं मोठं तीर्थ, त्या महानुभाव पंथीयांनी ‘स्थानपोथी’ लिहिली. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळात राहिले, ते कोणत्या दिशेला आहे, याची त्यात गावोगाव नोंद आहे. जागा चांगली की वाईट याला तिथे महत्त्व नाही. तिथे कोण राहिलं आणि काय घडलं, म्हणून ती जागा लिहिली. तूही गाव, महिना, काय खाल्लं, कोणी केलं आणि ते कशापासून, एवढं टिपत जा. पुढे त्या गावी जाणाऱ्याला ते तुझ्या चार ताऱ्यांहून जास्त उपयोगी पडेल.

मे महिन्याचं तिकीट अजून काढलं नसशील तर थांब. रजा सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात मिळते का ते साहेबांना विचार, आणि काय ते मला लवकर कळव.

तुझा,
मामा